आज मी कुठं खोटं बोलले?

वाटवे मॅडमना 'गुड मॉर्निंग' म्हणायची सोय नव्हती. म्हटलंच कुणी, तर त्या चष्म्याच्या वरून बघायच्या आणि विचारायच्या, "कशावरून?" नवीन पोरगं गडबडून खिडकीबाहेर बघायचं, ऊन आहे का ढग आलेत ते तपासायचं, तोवर मॅडम पुढे निघून गेलेल्या असायच्या. जुनी मुलं नुसती मान लववायची. ते त्यांना चालायचं. लवलेली मान डोळ्यांना दिसते, तिच्याबद्दल वाद नाही.

सांगलीपासून थोड्या अंतरावर, उसाच्या फडांना लागून आमचं मेडिकल कॉलेज होतं. तिथे मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्यांच्याच ॲनाटॉमी विभागात लेक्चरर झालो. म्हणजे बरीच वर्षं मी त्यांना जवळून पाहिलं. कळल्या असं मात्र म्हणणार नाही. मूळच्या वाईच्या, साताऱ्यात थोरल्या बहिणीबरोबर घर, आठवडाभर सांगलीत एक खोली आणि शनिवारी दुपारची साताऱ्याची एसटी, एवढंच त्यांचं चरित्र मला ठाऊक. बाकीचं विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं, तर 'तुला कशाला हवंय?' म्हणून त्यांनी माझीच उलटतपासणी घेतली असती.

अंगानं किरकोळ. इस्त्रीची सुती साडी, त्यावर पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात स्वतःचे खडू. कॉलेजच्या खडूंवर त्यांचा विश्वास नव्हता. कंत्राटदारानं आणलेत म्हणजे त्यात माती असणारच. कपाटाला कुलूपही स्वतःचं. ते लावून झाल्यावर एकदा ओढून बघायच्या, जिन्यापर्यंत जायच्या आणि परत येऊन पुन्हा ओढायच्या. मंडईत कृष्णाकाठची वांगी घेताना भाजीवाल्या मावशी म्हणायच्या, "आवं बाई, सोन्यासारखी हायती, कशाला दाबतायसा?" मॅडम म्हणायच्या, "सोनंसुद्धा घासूनच घेतात." आणि दाबायच्या.

पोरं त्यांना सीआयडी म्हणायची. हे त्यांना माहीत होतं. कुणी ठेवलंय हे नाव, याचाही त्यांनी तपास लावलेला होता, पण त्या पोराला त्यांनी कधी काही म्हटलं नाही. उलट तोंडी परीक्षेत त्याला मार्क बरे दिले. त्यावर तो बिचारा वर्षभर विचार करत बसला, की ह्यात काहीतरी डाव आहे.

सांगली स्टँडवरची त्यांची एक गोष्ट कॉलेजात सगळ्यांना पाठ होती. साताऱ्याची पाटी लावलेली गाडी फलाटाला लागली. माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागली. मॅडमनी पाटी वाचली, एका प्रवाशाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं. दोघंही 'व्हय, साताराच' म्हणाले. मग त्या गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेल्या. "ही साताऱ्याला जाते ना?" ड्रायव्हर विडी पेटवत होता. म्हणाला, "न्हाई बाई, विट्याला. पाटी बदलायची ऱ्हायलीया." सगळी गाडी उतरली. ज्यांनी भांडून खिडकी मिळवली होती, ते सगळ्यात जास्त चिडले, आणि ड्रायव्हरवर नाही, मॅडमवर चिडले.

सोमवारी त्यांनी वर्गात आल्या आल्या ही हकिकत सांगितली आणि वर म्हणाल्या, "पुस्तक ही पाटी आहे. टेबलावरचा माणूस हा ड्रायव्हर. गाडीत बसण्याआधी कुणाला विचारायचं, ते तुम्ही ठरवा."

'टेबलावरचा माणूस' असंच त्या म्हणायच्या. डिसेक्शन हॉलमध्ये 'बॉडी' हा शब्द त्यांना चालत नसे. हॉल म्हणजे पत्र्याचं उंच छत, रांगेनं लोखंडी टेबलं, डोळ्यांतून पाणी काढणारा फॉर्मालिनचा वास. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं जेवायची नाहीत. तिथेच मॅडमचं राज्य होतं आणि त्या राज्यात एकच कायदा होता. कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर चालायचं: "हात लावून बघितलं, मॅडम."

आता त्यांची मुख्य खोड सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं.

मॅडम प्रत्येक लेक्चरमध्ये मुद्दाम एक चूक करायच्या. एकच, पण नेमानं. खडूनं सुंदर आकृती काढायच्या, एकेक भाग सांगत जायच्या, आणि त्यात कुठेतरी गंभीर चेहऱ्यानं एक धादांत खोटं वाक्य पेरून ठेवायच्या. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा वर असतं, असलं काहीतरी. ते यकृतामुळे खाली असतं हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण मॅडमच्या तोंडून ऐकताना शंभर पोरं खाली मान घालून ते लिहून घ्यायची. लेक्चर संपलं, की खडूची धूळ झटकायच्या आणि विचारायच्या, "आज मी कुठं खोटं बोलले?"

पुस्तक उघडून दाखवलं तर चालायचं नाही. हॉलमध्ये जायचं, आपल्या टेबलावर ते शोधायचं, बोट ठेवायचं आणि त्यांना बोलवायचं. ज्याला सापडेल त्याला साताऱ्याचा एक कंदी पेढा. दर सोमवारी त्या खोका घेऊन यायच्या. कुणालाच सापडलं नाही तर संध्याकाळी हॉलच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं खरं काय ते लिहून जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाशी अबोला. खोटं वाक्य त्यांनी एका रात्रीपलीकडे कधी कुणाच्या वहीत राहू दिलं नाही.

ह्याचा परिणाम असा झाला, की आमच्या बॅचेस भयंकर संशयी निघाल्या. मेसमधल्या आमटीत डाळ आहे याचासुद्धा आम्ही पुरावा मागायचो.

एका वर्षी खरात नावाचा पोरगा आला. आटपाडीकडचा, बाप मेंढरं राखणारा. घराण्यात पहिला डॉक्टर होऊ घातलेला. पहिले दोन महिने तो वर्गात तोंडच उघडेना. त्या दिवशी विषय दंडाचा होता. दंडातून एक मोठी धमनी खाली येते आणि कोपर ओलांडलं की तिचे दोन फाटे होतात. मॅडमनी त्या दिवशीचं खोटं इथेच पेरलं: म्हणाल्या, ती वरच फुटते, काखेपासून थोडं खाली. मग नेहमीचा प्रश्न विचारून त्या हॉलमध्ये येऊन बसल्या.

बऱ्याच जणांनी अर्ध्या तासात चूक पकडली. पेढे वाटून झाले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून खरातनं हात वर केला.

"मॅडम, तुमी खोटं न्हाई बोलला."

हॉल हसला. मी त्याच्या टेबलाचा मास्तर, म्हणून मला घाम फुटला. मॅडम उठल्या. "कशावरून?"

"हात लावून बगितलंय. आमच्या टेबलावरल्या माणसाची खरंच वरनं फुटलीया. तुमी बगा की."

मॅडम साडीचा पदर खोचून त्या टेबलाशी गेल्या. चिमट्यानं स्नायूवरचा पडदा बाजूला केला, बोट घातलं आणि वरपासून खालपर्यंत फिरवलं. काही माणसांत अशी धमनी खरंच वरच दुभंगते. पुस्तकात ते बारीक टायपात असतं आणि कुणी वाचत नाही. मी त्यांना इतकं खूश झालेलं त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. अख्खा खोका त्यांनी खरातच्या हातात ठेवला आणि सगळ्या हॉलला त्या टेबलाभोवती गोळा केलं. "बघा. माझं खोटं ह्या माणसानं खरं करून दाखवलं. उद्या तुम्ही कुणाच्या दंडात सुई टोचाल, तेव्हा तो माणूस वाटवेबाईंचं ऐकून जन्माला आलेला नसेल. कळलं?"

खरातनं तो खोका हॉस्टेलच्या खोलीत कितीतरी दिवस जपून ठेवला होता. पेढे मात्र त्याच संध्याकाळी संपले.

आमच्या संस्थेचे सेक्रेटरी नानासाहेब. बागायतदार माणूस, दिलदार, पण कुठल्याही इमारतीत शिरलं की आधी भिंतींची लांबी-रुंदी नजरेनं मोजणारे. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला त्यांनी पुण्यात कुठेतरी एक प्रदर्शन बघितलं आणि भारावून आले. आल्यावर थेट आमच्या विभागात. मागोमाग दोन गडी खोकी घेऊन: कॉम्प्युटर, पडद्यावर चित्र टाकणारा प्रोजेक्टर आणि सीडी लिहिण्याचं यंत्र.

"मॅडम," खुर्चीत बसत नानासाहेब म्हणाले, "तुमचा आवाज म्हंजी सोनं हाय. त्यो असा वाऱ्यावर जाऊन चालायचा न्हाई. आपण तुमची समदी लेक्चरं शीडीत भरून ठिवू. चित्रं बी त्यातच. बटन दाबलं की झालं. पोरं कवाबी ऐकत्याल."

"आणि डिसेक्शन?"

नानासाहेब छताकडे बघायला लागले. "त्याचं काय हाय, बॉड्या मिळंना झाल्यात. वास तर आसा, पालक दारातनंच माघारी जात्यात. हॉल ह्यो लय मोठा हाय. तिथं कॉम्प्युटर मांडू रांगेनं. तपासणीपुरती येक-दोन टेबलं ठिवू की कोपऱ्यात."

मॅडम खोक्यावर काय छापलंय ते वाचत राहिल्या. येत्या मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्यांना मुदतवाढ मिळणार असं सगळे धरून चालले होते. नानासाहेब गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि मला विचारलं, "तू कुणाचा माणूस आहेस?"

"मी?" मी चक्रावलो. "मी ॲनाटॉमीचा, मॅडम."

"कशावरून? मशीन चालवायला पुण्याला ट्रेनिंगला तुलाच पाठवणार आहेत. मघाशी त्यांच्या खिशात कागद होता, त्यावर तुझं नाव होतं. मी वाचलं."

ते खरं निघालं. मला स्वतःला ते दोन दिवसांनी कळलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "माझा आवाज भरून घेणार आणि मग मला नारळ देणार. आवाज पगार मागत नाही, रजा मागत नाही. आणि माझ्यामागून हॉलला नारळ. माझं सोड, मी जाणारच होते. पण हॉल गेला तर ही पोरं पाटी वाचून गाडीत बसतील." हे बोलताना त्यांचा आवाज थोडा कापला. मी पहिल्यांदाच ऐकला तसा. मला फार वाईट वाटलं.

मला वाटलं, आता लढाई होणार. मॅडम राजीनामा फेकतील, नाहीतर विद्यापीठाला पत्र लिहितील. तसलं काहीच झालं नाही. सोमवारी त्यांनी नानासाहेबांना निरोप धाडला, "रेकॉर्डिंगला मी तयार आहे."

इथे माझ्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली. कुलूप दोनदा ओढणारी बाई एवढ्या सहजासहजी किल्ली देईल?

रेकॉर्डिंगसाठी स्टोअररूम रिकामी केली. आवाज घुमू नये म्हणून हॉस्टेलच्या जुन्या गाद्या भिंतींना लावल्या. मी कॉम्प्युटरपाशी, मॅडम मायक्रोफोनपाशी. तोंडापाशी धरलेल्या त्या दांड्याकडे त्या सुरुवातीला अशा बघायच्या, की त्याला आता विचारतील, तुझं गाव कुठलं म्हणून. पण बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. एका मागोमाग एक लेक्चर. चित्रं स्कॅन करायची, प्रत्येक चित्राखाली त्यांचा आवाज जोडायचा, असं ते काम हिवाळाभर आणि पुढे उन्हाळ्यातही चाललं. एखादा शब्द अडखळला तर सगळं पुसून पहिल्यापासून. मी कंटाळायचो, त्या नाही.

आणि प्रत्येक लेक्चरच्या शेवटी, श्वास घेऊन, वर्गातल्याच सुरात: "आज मी कुठं खोटं बोलले?"

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी मशीन थांबवलं. "मॅडम, हे काढू ना? इथं कोण उत्तर देणार?"

"राहू दे."

"म्हणजे... ह्यातही चूक आहे?"

त्यांनी चष्मा पुसला. "तू मशीनकडे बघ," म्हणाल्या.

मे महिन्यात त्यांना नारळ मिळाला. खराखुरा, शाल, श्रीफळ आणि नानासाहेबांचं भाषण. मुदतवाढीचा विषयच निघाला नाही. मॅडमनी शालीचं कापड दोन बोटांत चोळून बघितलं आणि पिशवीत टाकली. निघताना कपाटाचं कुलूप काढून घेऊन गेल्या.

नवीन वर्षाची मुलं आली. हॉल अजून होता. पावसाळा सरला की टेबलं हलवायची असं नानासाहेबांनी ठरवलेलं होतं. पहिलं डिजिटल लेक्चर मोठ्या थाटात झालं. पडद्याला हार, नारळ, पहिल्या रांगेत नानासाहेब. दिवे मालवले. पडद्यावर दंडाचं रंगीत चित्र आलं आणि त्या अंधारात मॅडमचा आवाज. नानासाहेब प्रत्येक चित्राला मान डोलवत होते. शेवट झाला आणि आवाज म्हणाला, "आज मी कुठं खोटं बोलले?"

नव्या मुलांना काही कळेना. पण मागे दुसऱ्या वर्षाची मुलं मजा बघायला येऊन बसली होती. त्यांच्यात खरात होता. तो सवयीनं उठून उभा राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "चला रं, हॉलात. शोधाय पायजे."

दिवे लागले. नानासाहेबांचा चेहरा उतरला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "डाक्टर, ह्ये काय? म्हंजी शीडीत चूक हाय?"

"मॅडमची पद्धतच होती ती. प्रत्येक लेक्चरमध्ये एक."

"परत्येकात?" ते मटकन बसले. "मग त्ये वाक्य काडून टाका की. मशीन इकनारं पुन्याचं पोरगं म्हनत होतं, काय बी कापता येतं."

"वाक्य कापून चूक कशी जाईल, नानासाहेब? ती आतच राहणार. फक्त ती आहे हे कुणाला कळणार नाही."

"मग चूक कापा!"

"कुठली?"

नानासाहेबांनी साताऱ्याला फोन लावला. मॅडम फोनवर आल्या, ऐकून घेतलं, "टेबलावर बघा" म्हणाल्या आणि ठेवून दिला. नानासाहेब "बाईनं पाचर मारली," असं पुटपुटले.

मग माझ्या आयुष्यातलं सर्वांत संशयी वर्ष सुरू झालं. मी त्या सीडी ऐकत बसलो. एकेक वाक्य पुढे-मागे करून, समोर तीन पुस्तकं उघडी ठेवून. चूक सापडेना. जितकी सापडेना, तितका संशय वाढायला लागला. त्या हुशार होत्या. सहज सापडेल असं ठेवणारच नाहीत. एकेका साध्या शब्दावर माझा जीव अडकायचा. 'साधारणपणे' असं का म्हणाल्या? इथे क्षणभर का थांबल्या? मला त्यांचा रागही यायला लागला. वर्गात खोटं बोलून संध्याकाळी फळ्यावर पुसणं वेगळं, आणि हे असं डबाबंद करून निघून जाणं वेगळं. पुढे कुणा पोरानं ते खरं मानून कुणाच्या हातावर सुरी चालवली, तर? सूड म्हणूनच केलं असेल, असंही माझ्या मनात आलं. ते मनात आलं हे लपवण्यात अर्थ नाही.

पुस्तकांनी हात टेकले तेव्हा टेबलांशिवाय गत्यंतर राहिलं नाही. मुलांना मी सांगितलं, लेक्चर ऐका आणि हॉलमध्ये जाऊन एकेक वाक्य तपासा. दिवाळीपर्यंत ओस पडणार होता तो हॉल गजबजून गेला. हाताच्या लेक्चरनंतर एका टेबलावर तळव्यातल्या दोन नसांना जोडणारा एक बारीक धागा निघाला, जो चित्रात नव्हता. पोरं ओरडत आली, "सर, घावली!" मी धावलो. ती चूक नव्हती. तो माणूस तसा होता. असं दर थोड्या दिवसांनी व्हायचं. चूक सोडून बाकी सगळं सापडत होतं.

नानासाहेब पावसाळ्यानंतर आले, दिवाळीनंतर आले. हॉलच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहिले. "डाक्टर, तुमी लिहून द्या, चूक न्हाई म्हनून. सही करा. माजी मानसं टेबलं हलवत्याल."

"कशावरून?" मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते कसं निघालं मलाच कळलं नाही. नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलांवर वाकलेल्या पोरांकडे बघितलं. त्यांना सही करणारा माणूस हवा होता, आणि सही करायला आता कॉलेजात कुणीच तयार नव्हतं.

"ऱ्हाऊ दे मग," ते रुमालातून म्हणाले. "चूक घावंपतोर ऱ्हाऊ दे."

कॉम्प्युटर मग वरच्या मजल्यावर लायब्ररीशेजारी गेले. तिथेच लेक्चरं व्हायची आणि ती संपली की मुलं जिना उतरून हॉलमध्ये यायची.

पुढच्या उन्हाळ्यात मी साताऱ्याला गेलो. पोवई नाक्यापासून आत, एका बैठ्या घरात मॅडम आणि त्यांच्या बहीण राहायच्या. दार उघडण्याआधी त्यांनी आतून माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि बॅचचं वर्षही विचारलं. चांगल्याच वाळल्या होत्या. बहिणीनं, त्यांना त्या माई म्हणायच्या, बशीत पेढे आणून ठेवले. मी हात पुढे केला, तशी मॅडमनी बशी स्वतःकडे ओढली.

"सापडली?"

"नाही."

"मग पेढा कसला?"

मी हात जोडले. "मॅडम, आता तरी सांगा. चूक कुठं आहे?"

"चूक आहे असं कशावरून?"

"तुम्हीच विचारता की दर वेळी!"

"विचारते. आहे, असं कधी म्हटलं?"

माई दारातच उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "अगं कमल, किती छळशील त्याला? अहो डॉक्टर, हिनं दर शनिवारी येऊन मला पुढ्यात बसवून सगळं म्हणून दाखवलंय. एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको म्हणून. मला काय कळतंय त्यातलं? मी आपली गवार मोडत ऐकायची. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. माझी झोप उडवली हिनं."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "वर्गात मी खोटं बोलायची, कारण समोर तुम्ही होतात. चुकीचं बोलले, तर कुणीतरी हात वर करणार, खरातसारखा एखादा मला टेबलापाशी ओढून नेणार. ती खात्री होती, म्हणून हिंमत होती. त्या खोलीत कोण होतं? गाद्या. आणि तू. तू तर मशीनकडे बघत होतास. तिथं खोटं कशी बोलणार मी? ते तसंच राहिलं असतं रे. कायमचं."

वर्षभर ज्या बाईवर मी सुडाचा संशय घेतला, तिनं आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण खरी लेक्चरं दिली होती, आणि नेमक्या त्याच लेक्चरांवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. हॉल तेवढ्यावर तगला होता.

"आता जाऊन नानासाहेबांना सांगशील?" त्यांनी विचारलं. आवाज सहज होता, पण बशीवरचा हात घट्ट होता.

"सांगितलं तरी खरं कोण मानणार, मॅडम? मलाच अजून खात्री नाही. तुम्ही दोघींनी मिळून ठरवलेलं असेल."

त्या हसल्या. एक पेढा घेऊन त्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा माझ्यापुढे ठेवला. "सापडलं नाही. पण शिकलास थोडं. अर्धा खा."

सांगलीच्या गाडीला सोडायला त्या स्टँडपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी आल्या. मी गाडीत चढलो, खिडकी पकडली. खालून त्यांनी विचारलं, "ही सांगलीलाच जाते ना?"

"हो, मॅडम."

"कशावरून?"

"पाटी वाचली," म्हणालो आणि जीभ चावली. उतरलो, पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारलं, परत येऊन सांगितलं, "विचारलं. सांगलीलाच जाते." त्यांनी 'बरं' म्हटलं. मी जागेवर बसलो.

त्यानंतर मॅडम मला दिसल्या नाहीत. पुढच्याच वर्षी गेल्या. म्हणून त्या दिवशीचं मला इतकं नीट आठवतं. गाडी सुरू झाली, धडधडायला लागली, पण हलेना. काय झालं म्हणून मी खिडकीतून मान बाहेर काढली. वाटवे मॅडम पुढे ड्रायव्हरच्या खिडकीखाली, टाचा उंचावून उभ्या होत्या. ड्रायव्हर हातवारे करून त्यांना काहीतरी पटवत होता, आणि त्या अजून मान हलवत नव्हत्या.